इंग्रजी चित्रांतला शेतमजूर आणि त्याची जनावरं: चित्र वाचायचं कसं

जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ हे चित्र नावानं माहीत नसलं तरी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यावर, कुठल्यातरी हॉटेलच्या जिन्यात. नदीच्या उथळ पाण्यात उभी गाडी, घोडे, झाडाआडचं घर आणि वर भरून आलेले ढग. पाहणारा ‘वा, काय शांतता!’ म्हणतो आणि पुढे जातो. बिचाऱ्या घोड्यांकडे कोणी बघत नाही.

इंग्लंडच्या खेड्यांची जुनी चित्रं खालून वर पाहावीत, असं माझं मत आहे. आधी जनावर, मग त्याचा साज, मग माणसाच्या हातातलं हत्यार, मग माणूस आणि सगळ्यात शेवटी झाडं-आभाळ. काम नेमकं कसं चाललंय हे एकदा कळलं की चित्रकारानं काय पाहून काढलंय, काय नटवलंय आणि काय गाळलंय हे आपोआप उघडं पडतं. ज्यांच्या घरी कधीकाळी दावणीला बैल होते, त्यांची तर निम्मी तयारी झालेलीच असते.

पहिली पायरी: चित्र मोठं करून घ्या

फोनवर आलेल्या फॉरवर्डमधल्या चित्रावरून काहीही ठरवू नका. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या आणि टेट या कलासंग्रहालयाच्या संकेतस्थळांवर चित्रं बारकाईनं पाहता येतात. अमेरिकेतल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टच्या संग्रहातल्या बऱ्याच चित्रांच्या मोठ्या प्रती फुकट उतरवून घेता येतात. ब्रिटनभरच्या लहानमोठ्या सार्वजनिक संग्रहांतली तैलचित्रं शोधायला ‘आर्ट यूके’ हे संकेतस्थळ सोयीचं. प्लाउ, हार्वेस्ट, ग्लीनर्स, कार्ट हॉर्स असे साधे शब्द इंग्रजीत टाइप केले तरी भरपूर हाती लागतं.

मूळ चित्राचं माप आधी लिहून ठेवा. पडद्यावर सगळीच चित्रं एका मापाची दिसतात. ‘द हे वेन’ सुमारे 130 बाय 185 सेंटीमीटर आहे, म्हणजे भिंत अडवणारं. चौदाव्या शतकातल्या लट्रेल साल्टर या हस्तलिखिताचं पान जेमतेम 35 सेंटीमीटर उंच आणि शेतीची दृश्यं त्या पानाच्या तळच्या समासात. थॉमस ब्यूइकचे लाकडी ठसे तर तळहातावर मावणारे. एक चित्र सभेसाठी, दुसरं मांडीवर घेऊन पाहण्यासाठी, तिसरं पुस्तकात छापण्यासाठी. हा फरक डोक्यात असला की पुढचे प्रश्न सोपे जातात.

दुसरी पायरी: जनावर आणि त्याचा साज

इथे घाई करू नका. बैल जुंपलाय की घोडा? एकामागे एक की शेजारी शेजारी? ओझं नेमकं शरीराच्या कुठल्या भागावर येतंय?

सुरुवात लट्रेल साल्टरपासून करा. लिंकनशायरमधल्या अर्नहॅमचा जमीनदार सर जेफ्री लट्रेल यानं ही लॅटिन स्तोत्रांची पोथी साधारण 1325 ते 1340 या काळात करवून घेतली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या समासांत नांगरणीपासून धान्य वाहून नेण्यापर्यंत वर्षभराची कामं ओळीनं आली आहेत. नांगराला चार बैल, दोन जोड्यांत. एक माणूस रुमणं धरून, दुसरा चाबूक घेऊन जोडीबरोबर. आपल्याकडचा खिल्लार किंवा डांगी बैल डोळ्यांसमोर आणा आणि फरक शोधा. आपल्या बैलाला वशिंड असतं, जू त्याच्या पुढे बसतं. युरोपातल्या गुरांना वशिंडच नाही. त्यामुळे जू घसरू नये म्हणून तिथे मानेखालून लाकडाची वाकवलेली कमान घालून ती जुवात अडकवण्याची पद्धत पडली. इंग्रजी चित्रात बैल दिसले की आधी ही मान तपासा. चित्रकार गोठ्यात जाऊन आलाय की नाही ते तिथेच कळतं.

त्याच हस्तलिखितात पेरणीनंतरचा कुळव मात्र घोडा ओढतोय. नांगराला बैल आणि कुळवाला घोडा, असं का? नांगरणी जड, संथ, दिवसभराची. बैल कमी खर्चात पोसला जातो आणि म्हातारा झाला की कापून खाता येतो. हा हिशेब तेराव्या शतकातल्या इंग्रजी शेतीग्रंथांतही मांडलेला आहे. घोडा महाग, त्याला ओट लागतात, पण चाल जलद. कुळव हलका असतो आणि पक्ष्यांनी बी टिपायच्या आत ते झाकायचं असतं. कुळवामागून चालणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते पाहा: गोफण. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पेरणीच्या दृश्यात एक पक्षी बियाण्याच्या पोत्यावर ताव मारतोय आणि कुत्रा दुसऱ्याला हाकलतोय. पोथी देवाची, पण समासात काळजी बियाण्याची.

घोड्याच्या गळ्यातली भरीव गादी, म्हणजे कॉलर, हा दुसरा पुरावा. पट्टा नरड्यावर आला तर जोर लावताना घोड्याचा श्वास कोंडतो. कॉलरमुळे भार खांद्यावर जातो आणि घोडा खऱ्या अर्थानं खांद्यानं रेटतो. चित्रातला घोडा चढाला लागलेला असेल तर मान पुढे-खाली, मागचे पाय रुतलेले आणि दोर ताणलेले दिसले पाहिजेत. लट्रेलमधली पेंढ्यांनी भरलेली गाडी पाहा: तीन घोडे एकामागे एक ओढताहेत आणि तरी माणसं मागून, बाजूनं हात लावताहेत. चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा लावलेल्या कोणालाही ती माणसं ओळखीची वाटतील. उलट भरल्या गाडीपुढे मान वर करून तोऱ्यात उभा घोडा दिसला, की समजावं हा दिवाणखान्यासाठी काढलेला घोडा आहे.

घोड्याची शरीररचना कळायची असेल तर जॉर्ज स्टब्ज (1724–1806) हाच गुरू. लिव्हरपूलचा, कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. 1750 च्या दशकात लिंकनशायरमधल्या हॉर्क्स्टोव्ह इथल्या घरात त्यानं मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलत त्यांची चित्रं काढली. 1766 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. तो वास कल्पनेतसुद्धा नको, पण त्यानंतर इंग्रजी चित्रांतला घोडा बदलला.

आणखी दोन खुणा लिहून ठेवा. पायांवर दाट लोकरीसारखे केस असलेला अवजड घोडा बहुधा शायर जातीचा, पाय मोकळे आणि रंग तांबूस तो सफोक पंच. साजावर पितळी बिल्ल्यांची रांग लटकत असेल तर चित्र बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, कारण ती हौस तेव्हा फोफावली.

तिसरी पायरी: हत्यार कोणाच्या हातात?

विळा आणि लांब दांड्याचं सरळ उभं राहून चालवायचं सिद, या दोनच हत्यारांवरून बरंच कळतं. जुन्या इंग्लंडमध्ये गवत सिदानं कापत, ते पुरुषाचं काम. गहू बहुतेक विळ्यानं, आणि विळा बाईच्याही हातात असे. एकोणिसाव्या शतकात गव्हावरही सिद चालू लागलं, तशी बाई कापणीवरून मागे, पेंढ्या बांधण्यावर आणि दाताळं ओढण्यावर गेली. मजुरीतही ती मागेच पडली. चित्रातली बाई काय धरून उभी आहे यावर म्हणूनच थांबा.

लट्रेलमध्ये कापणी करतात त्या बायका. दोघी वाकलेल्या आणि तिसरी सरळ उभी राहून पाठ ताणून घेतेय. चित्रकारानं हे कुठूनतरी पाहिलंच असणार. ऐकीव माहितीवर असा हावभाव सुचत नाही.

कापणीनंतर सरवा वेचणाऱ्या बायका-मुलं इंग्रजी चित्रांत वारंवार येतात. सॅम्युअल पामरचं साधारण 1833 चं ‘द ग्लीनिंग फील्ड’ आणि कॉन्स्टेबलचं 1824 चं ब्रायटनचं छोटं चित्र, दोन्ही टेटमध्ये आहेत. उजेड सुंदर आहे, शंकाच नाही. पण 1788 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं ठरवलं होतं की दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचण्याचा हक्क कायद्यात कोणालाही नाही. खटला सफोकमधल्या एका बाईवरच झाला होता. प्रथा पुढेही चालू राहिली, पण हक्क म्हणून नव्हे, मालकाच्या मर्जीवर. ही तारीख लक्षात ठेवून तीच सोनेरी शेतं पाहा.

चौथी पायरी: महिना ओळखा

शंभर चित्रं घेतलीत तर बहुतेकांत उन्हाळा असेल: गवताची कापणी, गव्हाची सुगी. ऊन चांगलं, सगळं गाव शेतात, गाडी भरलेली. मजुराचं वर्ष मात्र बारा महिन्यांचं. हिवाळ्यात तो चर खणायचा, कुंपणं विणायचा, गोठलेल्या मातीतून सलगम उपटायचा, खळ्याच्या कोठारात झोडपण्यानं मळणी करायचा. मळणीच्या यंत्रांनी ही हिवाळी मजुरी हिरावली, म्हणून 1830 मध्ये केंटपासून सुरू झालेल्या उठावात मजुरांनी आधी ती यंत्रंच फोडली. चित्रांतून मळणी फारशी दिसत नाही, कारण अंधाऱ्या कोठारात धूळ खात चाललेलं काम विकत कोण घेणार?

म्हणून हिवाळ्याचं चित्र सापडलं की त्याला जास्त वेळ द्या. टर्नरचं 1813 चं ‘फ्रॉस्टी मॉर्निंग’ घ्या. पांढरट कडाक्याची सकाळ, चर खणणारी माणसं, गाडी आणि घोडे. त्यातला एक घोडा टर्नरचा स्वतःचा, असं सांगतात. सूर्यप्रकाशाचा बादशहा समजला जाणारा हा माणूस इथे गोठलेलं दव आणि कुदळ काढतोय. मला हे चित्र त्याच्या कितीतरी वादळांपेक्षा जवळचं वाटतं.

पाचवी पायरी: माणूस केवढा काढलाय आणि उभं राहून पाहतंय कोण?

चित्रावर बोटानं माप घ्या. मजूर किती उंचीचा? चेहरा दिसतो का? कामावर नसलेलं कोणी आहे का?

गेन्सबरोचं ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ (साधारण 1750) सुरुवातीला घ्या. डावीकडे जमीनदार जोडपं, उजवीकडे पेंढ्या उभ्या केलेलं शेत. खुंटं सरळ ओळींत आहेत, म्हणजे पेरणी पाभरीसारख्या यंत्रानं केलेली, तेव्हाच्या मानानं सुधारलेली शेती. पेंढ्या आहेत, पण त्या बांधणारा एकही माणूस नाही.

मग स्टब्जचं 1785 चं ‘रीपर्स’ पाहा. मजूर मोठे, देखणे, स्वच्छ. शुभ्र शर्ट, बायकांच्या डोक्याला टोप्या, अंगावर घामाचा ठिपका नाही. आणि घोड्यावर बसलेला मुकादम, शांतपणे काम न्याहाळणारा. सगळ्यांची मांडणी एका लयीत, जणू शिल्पपट्टी. यात खोटं किती? विळा बरोबर धरलाय, पेंढी बरोबर बांधलीय, घोडा तर स्टब्जचाच. खोटं आहे ते फक्त कपड्यांत आणि वेळेत: दिवस उतरणीला लागलेला नाही, कोणी थकलेलं नाही. आणि खरा आहे तो मुकादम. त्याला गाळलं असतं तर चित्र जास्त गोड झालं असतं.

याच्या शेजारी जॉर्ज रॉबर्ट लुईसचं 1815 चं हेरफर्डशायरमधल्या सुगीचं चित्र ठेवा. तिथे मजूर पुढे उभे आहेत, आपापल्या चेहऱ्यांनिशी. अशी चित्रं थोडीच.

सहावी पायरी: पैसे कोणी दिले?

जनावरांच्या चित्रांत हा प्रश्न सगळ्यात मजेशीर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट बेकवेलसारख्यांनी निवडक पैदाशीनं गुरं-मेंढ्या घडवायला घेतल्या आणि मालकांना आपल्या जनावराचं चित्र हवंसं झालं. त्यातूनच ती चौकोनी बैलांची चित्रं आली: पाठ टेबलासारखी सपाट, डोकं इवलंसं, पाय काडीसारखे. 1796 मध्ये जन्मलेला ‘डरहॅम ऑक्स’ नावाचा अवाढव्य बैल गाडीत घालून देशभर तिकिटावर दाखवला जाई. 1802 मध्ये जॉन बोल्टबीनं त्याचं चित्र काढलं आणि त्याचे छाप धडाक्यात विकले गेले. ही चित्रं म्हणजे जाहिराती. ती तशीच वाचा.

न्यूकॅसलचा ब्यूइक आत्मचरित्रात सांगतो की नसलेल्या जागी चरबीचे गोळे काढ, असा त्याला आग्रह झाला आणि त्यानं नकार दिला. म्हणून त्याच्या 1790 च्या चतुष्पाद प्राण्यांच्या पुस्तकातली गुरं जरा हाडकुळी दिसतात. भरवसा ठेवायचा तर त्यांच्यावर.

लट्रेललाही हाच प्रश्न विचारा. 1315 पासून इंग्लंडमध्ये सलग पिकं बुडून दुष्काळ पडला. 1319-20 च्या सुमारास गुरांच्या साथीनं गोठेच्या गोठे रिकामे झाले. पोथी तयार झाली ती त्यानंतरच्या काही वर्षांत. त्या समासातले चार धट्टेकट्टे बैल हे जमीनदाराला हवं असलेलं वर्ष आहे.

सातवी पायरी: आता सगळं एकत्र, ‘द हे वेन’वर

1821 मध्ये रॉयल अकॅडमीत हे चित्र ‘लँडस्केप: नून’ या नावानं लागलं. विकलं गेलं नाही. 1824 मध्ये पॅरिसला गेलं आणि तिथे सुवर्णपदक मिळालं.

जनावर: काळपट घोडे, गळ्याच्या साजावर लाल रंग. गाडी: रिकामी. सफोकमधल्या स्टूर नदीचा हा उतार ओलांडून ती पलीकडच्या कुरणाकडे निघालीय. आता चित्राच्या उजव्या कडेला, दूर, मोठं करून पाहा. पांढऱ्या ठिपक्यांसारखी माणसं दिसतील: गवत कापणारी आणि दुसरी गाडी भरणारी. म्हणजे चित्रातलं खरं काम तिकडे चाललंय आणि ते नखाएवढं आहे. पाण्यात गाडी थांबवण्याचं कारण आपल्याकडच्या गाडीवानाला विचारा. उन्हानं चाकाचं लाकूड आटतं, धाव सैल होते. भिजलं की फुगून घट्ट बसतं. घोड्यांचे पायही गार होतात.

कॉन्स्टेबलला कामातलं कळत होतं यात वाद नाही. त्याचे वडील गोल्डिंग फ्लॅटफर्ड मिलचे मालक, धान्याचे व्यापारी, नदीवर त्यांचे पडाव. हे चित्र त्यानं लंडनमध्ये रंगवलं, तेव्हा गाडीचा तपशील चुकू नये म्हणून गावाकडचा जुना मित्र डन्थॉर्न याच्या मुलाकडून रेखाटन मागवलं. काठावरून चालत दोरानं पडाव ओढणाऱ्या घोड्यांची त्याची चित्रं तर याहून नेमकी आहेत. ‘फ्लॅटफर्ड मिल’मध्ये (1816–17) पुलाखालून पडाव न्यायचा म्हणून घोड्याचा दोर सोडला जातोय. ‘द व्हाइट हॉर्स’मध्ये (1819) ओढीचा रस्ता पलीकडच्या काठावर जातो म्हणून घोड्यालाच पडावात उभं करून पार नेताहेत. ‘द लीपिंग हॉर्स’मध्ये (1825) गुरं भटकू नयेत म्हणून वाटेवर घातलेला अडसर घोडा उडी मारून ओलांडतोय. घोड्यांना तशी शिकवणच असे.

मग ठिपक्याएवढे मजूर का? 1822 मध्ये भावाकडून त्याला बातमी आली की रोज रात्री कुठे ना कुठे आग दिसते. गावाकडचे मजूर पेटले होते. हे त्यानं मित्राला पत्रात कळवलंही. चित्रांत मात्र त्या आगीचा मागमूस नाही. घोड्याच्या दोरीची गाठसुद्धा माहीत असलेला माणूस मजुराला लांब ठेवतो, तेव्हा मालकाच्या घरातून शेत कसं दिसतं ते आपल्याला कळतं. याबद्दल त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नाही. फक्त पाहताना ते सुटू नये.

आठवी पायरी: कणव दिसली तरी प्रश्न विचारा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मजूर एकदम पुढे आला. जॉर्ज क्लॉसनच्या ‘विंटर वर्क’मध्ये (1883–84) मजुरांचं कुटुंब मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी कंदांची मुळं-शेंडे छाटतंय. चिखल, जाड कपडे, वाकलेल्या पाठी. उजवीकडची खेळायचं चाक घेतलेली मुलगी त्यानं नंतर घातली. तिच्यावर बोट ठेवून चित्र एकदा तिच्याशिवाय आणि एकदा तिच्यासकट पाहा. फरक लगेच जाणवतो. ला थँगच्या ‘द लास्ट फरो’मध्ये (1895) म्हातारा नांगऱ्या नांगरावरच कोसळलाय. मन हेलावतं, पण प्रदर्शनात मन हेलावणं हाही खपणारा माल होता. क्लॉसन मजुरांचे फोटोही काढायचा, त्यामुळे त्याचे हात-पाय विश्वासार्ह. ला थँगचं नाटक मला थोडं जास्त वाटतं.

हत्यारं आणि गाड्या पडताळायला रेडिंगचं म्युझियम ऑफ इंग्लिश रुरल लाइफ आहे. 2018 मध्ये याच संग्रहालयानं टाकलेल्या एका अगडबंब मेंढ्याच्या जुन्या फोटोनं ट्विटरवर धुमाकूळ घातला होता. डरहॅम ऑक्सला टाळ्या मिळत होत्या त्या त्याच कारणासाठी.

सराव मुंबईत

यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 मध्ये उभी राहिली. तिच्या प्रवेशद्वारांवरची शेतकऱ्यांची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंगची. 1865 मध्ये इंग्लंडहून आलेला हा माणूस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होता. आत शिरण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मान वर करा. सकाळी लवकर गेलात तर गर्दी आणि हातगाड्या कमी. कामं कोणती, हत्यारं कोणती, वाकलेलं कोण आणि उभं कोण, कपडे कामाचे की सणाचे, हे वहीत लिहा. मग मुख्य प्रश्न: ही माणसं त्यानं आपल्या शिवारात पाहिली, की इंग्लंडच्या सुगीच्या चित्रांतली माणसं धोतर नेसवून इथे आणली? उत्तर प्रत्येक शिल्पासाठी वेगळं येऊ शकतं, म्हणून एकेक शिल्प स्वतंत्र तपासा.